लाल टोपणाची नळी

आत्या: अगं, घरच्या फ्रीजमध्ये ठेवायला ती काय भाजी आहे?

भाची: फ्रीजमध्ये नाही म्हणाले मी. वर, बर्फाच्या कप्प्यात.

आत्या: तेही तेच. तुझ्या बर्फाच्या कप्प्यात ती नळी ठेवलीस तर आतल्या पेशी हा हा म्हणता मरतील. ही टाकी बघ. झाकण उघडलं की धूर येतो ना, तो द्रव नायट्रोजन. इतकी थंडी असते म्हणून तर तुझ्या बाबाच्या पेशी एवढी वर्षं जिवंत राहिल्या.

भाची: जिवंत.

आत्या: थांबलेल्या. पण जिवंत. ऊब दिली तर पुन्हा कामाला लागतील.

भाची: आणि तू मला सकाळी फोन करून सांगतेस, प्रयोगशाळा बंद होतेय, संध्याकाळपर्यंत टाकी रिकामी करायची आहे, दादाच्या नळीचं काय करू. बाबांना जाऊन अजून वर्षही झालं नाही, आत्या. वाण्याने पिशवी देऊ का विचारावं तसं विचारलंस.

आत्या: फोन लावायच्या आधी तो किती वेळ नुसता हातात धरून बसले होते ते तुला नाही दिसलं.

भाची: नाही दिसलं.

आत्या: तो माझा भाऊ होता, बाई. सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत न्यायचा मला. मी निवृत्त होतेय आणि टाकी दुसऱ्यांकडे जातेय. बाकीच्या नळ्यांचं मी ठरवलं. या नळीचं मला एकटीला ठरवता येईना, म्हणून बोलावलं. नियमही तोच आहे, देणारा गेला असेल तर मुलांना विचारायचं. पण नियम नसता तरी विचारलंच असतं.

भाची: मग नाही टाकायची. झालं.

आत्या: बरं. माझी एक विद्यार्थिनी आहे, दुसऱ्या शहरात. तिच्या टाकीत जागा आहे आणि माझ्या शब्दाखातर ती ठेवेल. पण नुसती ठेवेल. कुणी उघडणार नाही, कुणाच्या कामाला येणार नाही. तीही एक दिवस निवृत्त होईल, मग असाच फोन तिला कुणाला तरी करावा लागेल.

भाची: होऊ दे. तोवर असतील तरी.

आत्या: चालेल. तू म्हणशील तसं. फक्त त्या नळीत काय आहे आणि काय नाही ते आधी ऐकून घे. मग हो म्हण, नाही म्हण, मी एक शब्द बोलणार नाही.

भाची: तू आणि एक शब्द बोलणार नाहीस.

आत्या: चला, निदान टोमणा मारण्याइतकी जान आली.

भाची: मुळात रक्त घेतलंस कशाला त्यांचं? ते तर ठणठणीत होते तेव्हा.

आत्या: मला एक पुरुष हवा होता.

भाची: आत्या.

आत्या: प्रयोगाला, अगं. ज्या जनुकापायी मी आयुष्य घातलं, ते बायकांच्या पेशीत काम करतं आणि पुरुषांच्या पेशीत गप्प बसतं. मग तुलनेला पुरुषाच्या पेशी लागणारच. दादाला म्हटलं, दे थोडं रक्त. तर म्हणतो, म्हणजे माझ्यात जे नाही ते बघायला माझंच रक्त काढणार? याच्याइतकं बिनकामाचं काम मला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं.

भाची: अगदी असंच म्हणाले असतील.

आत्या: वर अट. टोपण मी निवडणार. टोपणांचा डबा पुढे केला, कुठलं हवं? ऐटीत म्हणाला, लाल. आणि हिरवं उचलून माझ्या हातात दिलं.

भाची: तू काय म्हणालीस?

आत्या: काही नाही. लावलं.

भाची: बरं केलंस. दुकानात पण तसंच चालायचं. मी शेजारी स्टुलावर बसलेली. गिऱ्हाईक म्हणालं पुस्तकं लाल कापडात बांधा, की बाबा माझ्याकडे न बघता कापडाच्या गठ्ठ्यांवरून हात फिरवायचे, आणि बरोबर गठ्ठ्यावर हात आला की मी खोकायचे.

आत्या: खोकायचीस?

भाची: लोकांना वाटायचं पोरीला दम्याचा त्रास आहे. एकदा मी सहलीला गेले आणि बाबांनी वकीलसाहेबांची सगळी कायद्याची पुस्तकं लालऐवजी हिरव्यात बांधली. वकीलसाहेब बघतच राहिले. बाबा म्हणाले, साहेब, लाल काय, कुणीही बांधतं. त्यानंतर निम्म्या कचेरीने हिरवी बांधून घेतली.

आत्या: हे मला कसं कुणी सांगितलं नाही?

भाची: दुकानाचं गुपित होतं. तू बोल. बायकांच्यात काम करतं ते काय?

आत्या: थोडं मागून यावं लागेल. जनुक म्हटलं की तुला काय आठवतं?

भाची: मी मुद्रितं तपासते, आत्या. मला इतकंच आठवतं की जनुक म्हणजे प्रथिन कसं बनवायचं त्याची कृती.

आत्या: सगळ्यांना एवढंच आठवतं, कारण आम्हीच एवढं शिकवलं. पेशीच्या गाभ्यात एक मोठा ग्रंथ आहे असं धर. तो बाहेर न्यायचा नाही. लागेल त्या पानाची नक्कल काढायची आणि ती बाहेर पाठवायची. ती नक्कल म्हणजे आरएनए. बाहेर कारखाना असतो, तिथे ती वाचतात, तीन-तीन अक्षरांचे शब्द, आणि वाचता वाचता प्रथिन विणत जातात. केस, नखं, रक्ताला लाल करणारा पदार्थ, सगळं असंच. वाचून झालं की नक्कल फाडून टाकतात.

भाची: कच्चं मुद्रित.

आत्या: तेच. शब्द तीन अक्षरांचे, पण मध्ये जागा सोडलेली नाही. सांग बघू तीन शब्द.

भाची: कमळ, नजर, पदर.

आत्या: जोडून लिही आणि त्यातला म खोड.

भाची: कळन. जरप. दर.

आत्या: कसं वाटतं?

भाची: या भीतीने मी रात्री दचकून उठते.

आत्या: प्रथिनाच्या जनुकाचं जगणं असं आहे. सुरुवातीची खूण, शेवटची खूण आणि मध्ये तीन-तीनची शिस्त. एक अक्षर गळलं की पुढचं सगळं बिनसलं. आणि आम्ही जनुकं शोधायचो तीही याच खुणांवरून. सुरुवात दिसली, शेवट बऱ्याच अंतरावर दिसला, तर जनुक. नाहीतर रद्दी.

भाची: रद्दी म्हणायचात?

आत्या: छापून यायचं तसं. मी विद्यार्थिनी होते तेव्हा माझ्या हाती एक लांबलचक नक्कल लागली. पेशी ती भरभरून काढत होती, म्हणजे काहीतरी महत्त्वाचं असणार. मी तिचं प्रथिन शोधायला बसले. पहिल्या अक्षरापासून वाचलं, चार शब्दांवर शेवटची खूण. दुसऱ्यापासून वाचलं, तेच. तिसऱ्यापासून, तेच. सर म्हणायचे, तुझी नक्कलच चुकली असणार, पुन्हा काढ. काढली. पुन्हा तेच. नसलेलं प्रथिन शोधण्यात माझी ऐन उमेदीची वर्षं गेली.

भाची: मग?

आत्या: मग कळलं की ती नक्कल वाचायची नव्हतीच. कारखान्यात जायची नव्हती. ती स्वतःच घडी होऊन कामाला उभी राहत होती. त्या जनुकाची कृती पुढे कशाची नाही. नक्कल हाच माल.

भाची: अस्तर.

आत्या: काय?

भाची: पुस्तकाच्या पाठीला आतून बाबा जुन्या कागदाच्या पट्ट्या लावायचे, खळीने. त्या पट्ट्यांवरही काहीबाही छापलेलं असायचं. मी वाकून वाचायला लागले की म्हणायचे, तो कागद वाचायचा नाही गं, तो धरून ठेवायचा आहे.

आत्या: चार गल्ल्या पलीकडे माझा भाऊ हे म्हणत होता, आणि मी इथे डोकं आपटत होते.

भाची: त्यांना थोडंच ठाऊक होतं.

आत्या: नव्हतंच. आणि पट्टीवर काय छापलंय याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं. इथे अक्षरांशी घेणंदेणं आहे, पण वाचण्यासाठी नाही. घडीसाठी. लांब पट्टी असते, तिच्यातली अक्षरं एकमेकांना शोधतात. अ समोर उ, ग समोर क. जोड्या जुळल्या की पट्टी दुमडते, वळते, तिला आकार येतो. आणि ऐक. एखाद्या जोडीतलं एक अक्षर बदललं तर घडी उसवते. पण समोरचंही तसंच बदललं तर घडी पुन्हा बसते. त्यामुळे अशी एखादी जुनी पट्टी घे, माशाची आणि माणसाची शेजारी ठेवली तर अक्षरं कितीतरी वेगळी, आणि घडी तीच. एकाने बाजू बदलली की दुसऱ्यानेही बदललेली, कोट्यवधी वर्षं.

भाची: तुमच्या लग्नात नाही जमलं ते.

आत्या: आमच्या लग्नात तुझे काका बाजू बदलायचे आणि मी जागची हलायचे नाही. आता मला ज्याने झोप लागली नव्हती ते सांगते. तो कारखाना, जिथे सगळ्या नकला वाचल्या जातात, त्याच्या कडेने प्रथिनं आहेत. पण ज्या जागी खरं विणकाम होतं, अगदी टाका पडतो ती जागा, तिथे प्रथिन नाही. तिथे आरएनए आहे. न वाचायची नक्कल.

भाची: म्हणजे जी सगळ्यांना वाचते तिला कुणी वाचत नाही.

आत्या: पुन्हा म्हण.

भाची: नको. तुझं पुढे चालू दे. बायकांचं.

आत्या: बायकांच्या पेशीत एक्स गुणसूत्रं दोन. एक आईचं, एक बापाचं. पुरुषाला एकच, आईकडचं. दोन्ही एकदम बोलू लागली तर गोंधळ. म्हणून पोटातलं बाळ अगदी इवलंसं असतं, हातपायही फुटलेले नसतात, तेव्हा प्रत्येक पेशीत एक एक्स गप्प होतो. गप्प करणारं ते माझं जनुक. त्याचं प्रथिन नाही. त्याची नक्कल पेशीच्या गाभ्याबाहेर पाऊलसुद्धा टाकत नाही. ज्या एक्सवरून निघाली, त्याच एक्सवर पसरत जाते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तो मिटतो. थोडी चुकार जनुकं सोडली तर सगळा निजतो.

भाची: स्वतःच विणलेलं पांघरूण घेऊन.

आत्या: स्वतःच विणलेलं. आणि आतून ते विणत राहतो, जन्मभर. निजलेल्याचं तेवढं एक काम चालू असतं.

भाची: कुणी निजायचं ते कोण ठरवतं? आईचा की बाबांचा?

आत्या: कुणीच नाही. चिठ्ठी टाकल्यासारखं. या पेशीत आईचा, शेजारच्या पेशीत बापाचा. पण एकदा ठरलं की ठरलं. त्या पेशीच्या लेकी, नाती, पणत्या, सगळ्या तेच पाळतात. तू अशी ठिगळाठिगळांची आहेस. इथे आई जागी, तिथे दादा जागा.

भाची: थांब जरा. फोन वाजतोय. धाकटा आहे, स्पीकरवर लावते. हं, बोल.

धाकटा: ताई, झालं का? मी आत्याला सकाळीच सांगितलं, माझी काही हरकत नाही. टाकून द्या. नळीत बाबा नसतात गं.

भाची: तुला बरं कळलं कुठे असतात.

धाकटा: मला कुठेच सापडत नाहीत, म्हणून म्हणतोय. दुकानाची किल्ली अजून माझ्या खिशात आहे. दोनदा गेलो, कुलूप उघडलं नाही. आत्या, तू तिथे आहेस?

आत्या: आहे रे. तुझ्या ताईला एक्स सांगत होते. तुझ्या बाबाचा एक्स तिला मिळाला.

धाकटा: आणि मला?

आत्या: तुला वाय. तो नसता तर तू तिची बहीण झाला असतास.

धाकटा: म्हणजे मला आडनाव आणि टक्कल.

आत्या: टक्कल बहुतेक तुझ्या आईकडून. उगाच माझ्या भावावर घालू नकोस.

धाकटा: आईचे केस बघितलेस का तू?

भाची: संध्याकाळी ये माझ्याकडे. दुकानात जाऊ. दोघं मिळून उघडू.

धाकटा: बरं. ताई, ठेवायची असेल नळी तर ठेव. मी भांडणार नाही.

भाची: ठेवते फोन.

आत्या: तोंड उघड.

भाची: आता काय?

आत्या: गालाच्या आतून ही चपटी काडी फिरवायची आहे, दुखत नाही. तू लहान असताना तुझंही रक्त मागितलं होतं मी. दादा म्हणाला, माझं हवं तेवढं घे, पोरीला सुई लावायची नाही. काडीला नाही म्हणाला नव्हता. हं. आता काचेवर पसरू, हा जांभळा रंग, थोडं थांबायचं, धुवायचं. ये, बस इथे, मायक्रोस्कोपला डोळा लाव. हा स्क्रू हळू फिरव. दिसतंय?

भाची: फिकट डाग आहेत. प्रत्येकात एक गडद गोळा.

आत्या: डाग म्हणजे पेशी, गोळा म्हणजे तिचा गाभा. आता गोळ्याच्या कडेला बघ, अगदी कडेला. सगळ्यांत नाही दिसणार. एक ठिपका असेल, टेकून बसल्यासारखा.

भाची: आहे. एक आहे. इथेही आहे.

आत्या: तो पांघरूण घेतलेला एक्स. कुठे आईचा, कुठे दादाचा.

भाची: हा कुणाचा?

आत्या: नुसतं बघून सांगता येत नाही. मीही अशी कितीतरी वर्षं बघत आले, मला कधी सांगता आलं नाही.

(ती काच हळूहळू सरकवत एकेक ठिपका बघते.)

भाची: जिथे आई निजली आहे तिथे बाबा जागे.

आत्या: हो. आणि एक सांगते. आई आपल्या दोन एक्सची मोडतोड करून, नवी जुळणी करून मुलांना देते. बापाकडे जोडच नसते. टोकं सोडली तर तो जसाच्या तसा देतो, मुलीला. दादाचा एक्स एक पान न हलवता तुझ्यात आहे. त्या नळीत आहे तोच.

भाची: तोच.

आत्या: नळीत तो थांबलाय. तुझ्यात कामावर जातो.

भाची: रंगांचं काय? ते बाबांना लाल-हिरवं कळायचं नाही ते?

आत्या: वाट बघत होते तू कधी विचारतेस याची. ते एक्सवरच असतं. धाकट्याला दादाचा एक्स मिळाला नाही, तो सुटला. तुला मिळाला.

भाची: पण मला तर सगळे रंग दिसतात. मीच सांगायचे त्यांना.

आत्या: कारण आईचा एक्सही आहे. डोळ्याचा मागचा पडदा असतो ना, तोसुद्धा ठिगळांचा. काही ठिगळांत आई जागी, तिथे लाल-हिरवं वेगळं कळतं. काही ठिगळांत तुझा बाबा जागा, आणि तिथे तुझा डोळा त्याच्यासारखंच बघतो, लाल आणि हिरवं एकसारखं. मग डोकं ते सगळं शिवून एक चित्र करतं, म्हणून तुला शिवण दिसत नाही.

भाची: म्हणजे मी स्टुलावर बसून खोकायचे तेव्हा.

आत्या: तेव्हाही.

भाची: ते बघत होते तसंच मी पण बघत होते. थोडं.

आत्या: थोडं. तुझ्या कळत नसेल, पण बघत होतीस. आत्ताही बघते आहेस.

भाची: मला वाटायचं मी त्यांना माझे डोळे उसने देते.

आत्या: घे, हा रुमाल. माझाच आहे, धुतलेला.

भाची: नको. पुसायला डोळा काढावा लागेल. अजून एकदा बघू दे.

आत्या: बघ. घाई नाही.

भाची: तू एवढी वर्षं हे रोज बघायचीस?

आत्या: रोज. आणि रोज थोडी भीती वाटायची. एक नक्कल, जिला कुणी वाचत नाही, ती एवढ्या मोठ्या गुणसूत्रावर हात ठेवून म्हणते, नीज. आणि ते निजतं. बाजूचं जागं राहतं, त्याला धक्का लागत नाही. मी निवृत्त होतेय, तरी मला पूर्ण कळलेलं नाही ती हे कसं करते. वाईट वाटत नाही त्याचं. एवढं मोठं काहीतरी न कळता राहिलं, याचं बरंच वाटतं.

भाची: आत्या, नळी बाहेर काढली तर पुढे काय करतात?

आत्या: आधी बर्फ सुटू द्यायचा. मग आत जंतुनाशक घालायचं, थोडा वेळ तसंच ठेवायचं, मग भट्टीत. पण तू म्हणालीस तर विद्यार्थिनीला फोन करते. खरंच करते.

भाची: नको करू. जंतुनाशक मी घालू का?

आत्या: तूच घाल. हातमोजे घाल आधी, हे जाड. टाकीतून मी काढते, तू मागे हो, धूर डोळ्यांवर येतो. त्याच्या रांगेत आणखी काही नळ्या आहेत, शाई पुसट झाली आहे. कुठल्या रंगाचं टोपण मागितलं होतं त्याने?

भाची: लाल.

आत्या: लाल इथे एकही नाही गं. पांढरी आहेत, निळी आहेत, आणि एक हिरवं.

भाची: हो. तेच लाल.